वाढदिवसाचा साज आणि माउलींचे शुचित्व

॥ रामकृष्णहरि ॥

सज्जनहो, गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंतांनी ज्ञानाची जी लक्षणे सांगितली आहेत, त्यांत शौच हे एक लक्षण आहे. एवढा एकच शब्द. पण त्या एका शब्दावर माउलींनी जे निरूपण केले आहे, ते ऐकून माणसाने आरशापुढे उभे राहण्यापूर्वी क्षणभर थांबावे. माउली म्हणतात, कापूर पाहा. त्याचे अंग जसे, तसेच त्याचे अंतरंग. बाहेरून पांढरा आणि फोडल्यावर आत काळा, असा कापूर कोणी पाहिला आहे काय? शुचिर्भूत मनुष्य असा असतो. आणि याची उलट बाजू दाखविण्यासाठी माउली दृष्टांतांची रासच ओततात. आत मळ तसाच ठेवून बाहेर नुसती धुणी-पुसणी चालली, तर ते प्रेताला नटविण्यासारखे, गाढवाला तीर्थात न्हाऊ घालण्यासारखे, कडू भोपळ्याला गूळ माखण्यासारखे, ओसाड घराच्या दाराला तोरण बांधण्यासारखे आहे. त्यांतला एक दृष्टांत तर आजच्या काळाला पाहूनच दिला की काय, असे वाटते. उपाशी माणसाच्या पोटात घास न घालता अन्न त्याच्या अंगाला लिंपले, तर त्याची भूक भागेल काय?

अन्न अंगाला लिंपणे! सातशे वर्षांपूर्वी हे ऐकून श्रोते हसले असतील. आज शहरांत दहा-अकरा वर्षांच्या मुलींचे वाढदिवस ज्या थाटाने होतात, ते ज्यांनी पाहिले आहे त्यांना हसू येणार नाही. मुली एकसारखे झगे घालून, केसांना पट्टा बांधून ओळीने बसतात. चेहऱ्यावर मध, दही, नाही तर पाकिटातून आलेला ओला कागदी मुखवटा. डोळ्यांवर काकडीच्या चकत्या. प्रत्येकीपुढे एक छोटा आरसा, नखांना रंग, ओठांना लाली, गालांना चकाकी. केक त्यानंतर. आणि घरी जाताना पिशवीत भेट म्हणून चार लहान बाटल्या : एक तोंड धुण्याची, एक पुसण्याची, एक लावण्याची, आणि एक आदल्या तिघींनी केलेले निस्तरण्याची.

हे मुंबईचे खूळ आहे, आपला काय संबंध, असे महाड-पोलादपूरकडच्या वाचकांनी समजू नये. आपल्या या दोन तालुक्यांत असे घर विरळा, की ज्याचे एक माणूस मुंबईला चाकरीला नाही. पूर्वी गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी येत तेव्हा शहर गावात येई. आता मोबाईलमधून ते रोज येते. एका सप्ताहात कीर्तन आटोपल्यावर पोलादपूर तालुक्यातील एक माउली बुक्का लावून घेण्यासाठी पुढे आली आणि मागेच रेंगाळली. मग हळूच म्हणाली, "बुवा, एक विचारू का? पोरगी सुट्टीत मामाकडं नवी मुंबईला गेली होती. तिथं शेजारच्या मुलीच्या वाढदिवसाला असलंच काय ते केलं. आल्यापासून उन्हात पाऊल टाकत नाय. दिवसातनं चार वेळा तोंडाला काय काय लावते. गाल सोलवटलेत. आणि म्हणते, आई, मी काळी आहे, माझाबी वाढदिवस तसाच कर. करू का?"

सज्जनहो, हा प्रश्न साधा नाही. कोणी प्रवचनकार व्यासपीठावरून म्हणेल, कलियुग आहे, पोरी नटव्या झाल्या. असे म्हणून टाळ्या मिळतात, उत्तर मिळत नाही. त्या पोरीचे वय अकरा. तिने नवे काय केले? जे तिला दाखविले ते तिने मागितले. नटण्याचा खेळ हा काही कलियुगाचा शोध नव्हे. संक्रांतीनंतर लेकराला काळे झबले शिवून, हलव्याचे दागिने घालून, डोक्यावरून बोरे, चुरमुरे, उसाचे करवे ओततात. ते बोरन्हाण म्हणजे साजाचा समारंभ नव्हे तर काय? नरकचतुर्दशीला पहाटे कारीट फोडून, तेल लावून, उटण्याने अंग चोळून काढतात. कोकणातल्या प्रत्येक म्हाताऱ्याला त्या उटण्याचा वास आजही आठवत असेल. हळदीकुंकवाला मनगटावर अत्तर, अंगावर गुलाबपाणी. लग्नात तर सबंध घराची हळद. आपल्या बायकांनी अंगाला लावण्याचे आनंद सोडले होते कधी?

आणि आमचा पांडुरंग? त्याच्या साजाला तर अंत नाही. गुढीपाडव्यापासून मृग नक्षत्रापर्यंत पंढरपुरात देवाला चंदनाची उटी लावतात. उन्हाचा दाह शमावा म्हणून भक्तांनी चंदन उगाळून सर्वांगाला लेप द्यावा, मस्तकी मुकुट, कानी मकरकुंडले, गळ्यात तुळशीहार. तेव्हा शृंगार हाच दोष, असे वारकरी म्हणू शकत नाही. म्हटले तर त्याला पहिल्याने देवाचाच साज उतरवावा लागेल.

मग दोष कोठे आहे? बोरन्हाणात लेकरापुढे आरसा ठेवत नाहीत, हे लक्षात घ्या. त्या समारंभात लेकराला पाहणारे डोळे दुसऱ्यांचे असतात, आणि ते कौतुकाचे असतात. लेकराचे लक्ष बोरांकडे. या नव्या समारंभात आरसा आधी येतो. आणि आरशात पाहावयाचे ते काय? तर आपल्यात काय उणे आहे ते. नाकावर ठिपके, गालावर छिद्रे, कपाळावर पुटकुळी, रंग सावळा. ज्या मुलीला काल सकाळपर्यंत आपल्या नाकाचे अस्तित्वही ठाऊक नव्हते, तिला आज त्या नाकाची लाज वाटू लागते. आधी व्यंग दाखवावयाचे, मग त्याचे औषध विकावयाचे. व्यापाराची ही रीत जुनीच आहे. फरक इतकाच की गिऱ्हाईक पूर्वी उपवर मुलगी होती, आता पाचवी-सहावीतली आहे.

हा व्यापार केवढा आहे, याचा अंदाज अमेरिकेतील एका अभ्यासावरून येतो. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी टिकटॉकवरच्या १०० चित्रफिती तपासल्या आणि तो अभ्यास २०२५ साली बालरोगशास्त्राच्या 'पीडियाट्रिक्स' या नियतकालिकात आला. त्या चित्रफितींत ७ ते १८ वर्षांच्या मुली आपण तोंडाला काय काय लावतो ते दाखवीत होत्या. सरासरी ६ वस्तू. काही जणी डझनाहून अधिक. त्यांचा खर्च महिन्याला सरासरी १६८ डॉलर. सर्वांत जास्त पाहिल्या गेलेल्या चित्रफितींत कातडीला दाह करू शकतील असे सरासरी ११ घटक होते. आणि गंमत अशी, की उन्हापासून जपणारे जे मलम खरोखर कामाचे, ते दिवसा लावणाऱ्यांचे प्रमाण फक्त २६ टक्के. म्हणजे कामाचे ते राहिले आणि नको ते सगळे लागले! टिकटॉक आपल्या देशात २०२० साली बंद झाले खरे, पण तीच गाणी आता दुसऱ्या तंबोऱ्यावर चालतात.

या बाटल्यांत असते काय, तेही थोडे समजून घ्यावे. म्हाताऱ्या कातडीवरच्या सुरकुत्या जाव्यात म्हणून अ जीवनसत्त्वापासून केलेला रेटिनॉल नावाचा पदार्थ वापरतात. वरची कातडी लवकर झडून खालची नवी वर यावी, हे त्याचे काम. काही आम्लेही असतात. तीही वरचा थर सोलतात. आता लहान मुलीची कातडी मुळातच झपाट्याने नवी होत असते. तिला सुरकुती कोठली? जे आपोआप होत आहे, ते बळेच घाईने करायला गेले की कातडीचे नैसर्गिक कवच मोडते. गाल लाल होतात, चुरचुरतात, सोलवटतात, आणि ऊन अधिक बाधू लागते. त्या पोलादपूरच्या पोरीचे गाल सोलवटले ते काही देवाचा कोप म्हणून नव्हे. स्वीडन देशातील एका मोठ्या औषधविक्रेत्या मंडळीने, आपोटेक यार्टाट तिचे नाव, २०२४ साली नियमच केला, की असल्या तीव्र वस्तू १५ वर्षांखालच्या मुलांना पालकांच्या संमतीवाचून विकावयाच्या नाहीत. विकणाऱ्यालाच विकण्याची भीती वाटली, यावरून ओळखावे.

येथे मला पंढरीचीच गोष्ट आठवते. विठुरायाची मूर्ती वालुकामय पाषाणाची. शतकानुशतके भक्तांनी प्रेमाने दूध, दही, मध, साखर यांनी तिला न्हाऊ घातले, पायांवर लक्षावधी मस्तके टेकली. प्रेमच ते. पण त्या प्रेमाने दगड झिजला. पुरातत्त्व खात्याच्या जाणकारांनी पाहणी केली, मूर्तीला वज्रलेप द्यावे लागले, २०२० सालीही दिला, आणि पंचामृताच्या स्नानाला आवर घालावा लागला. सज्जनहो, रोजच्या माखण्या-धुण्याने जेथे पाषाणाची झीज होते, तेथे अकरा वर्षांच्या लेकराच्या गालाची काय कथा! आणि देवाला वज्रलेप देता येतो. लेकराला तो कोण देणार?

याहूनही घोर प्रकार आपल्याच महाराष्ट्रात घडला. अकोल्याच्या एका घरातील विशीतली मुलगी, तिची आई आणि बहीण अशा तिघींच्या मूत्रपिंडांना सूज आली. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉक्टरांनी शोध केला, तेव्हा मूळ सापडले ते तोंडाला लावण्याच्या मलमात. त्यात पारा होता. २०२३ च्या आरंभी ही हकीगत वर्तमानपत्रांत आली. पारा कातडीचा रंग उजळवितो खरा, पण तोच कातडीतून रक्तात आणि रक्तातून मूत्रपिंडात जातो. आपल्या कायद्याप्रमाणे अशा मलमात पारा घालण्यास मनाई आहे. नकळत आलाच, तर दहा लाख भागांत एका भागाहून जास्त चालत नाही. पण नाव-गाव नसलेल्या डबीला कायदा कोण वाचून दाखवितो? रंग उजळावा म्हणून एका घरातील तिघीजणी रुग्णालयाच्या खाटेवर गेल्या. रंग!

या रंगाच्या खुळाविषयी वारकऱ्याने तर तोंडातून शब्द काढण्यापूर्वी विटेकडे पाहावे. विटेवर कोण उभा आहे? सावळा. आपण ज्याला सावळे परब्रह्म म्हणतो, ज्याच्या रूपासाठी दिंड्या-पताका घेऊन शेकडो कोस चालतो, तो काळाच आहे. एकादशीला काळ्या विठ्ठलापुढे डोळ्यांतून पाणी काढावयाचे, आणि घरी आल्यावर सावळ्या नातीला पाहून, "हिचे लग्नाचे कठीण दिसते" म्हणावयाचे, ही आपलीच तऱ्हा. फेअर अँड लव्हली नावाचे मलम १९७५ साली आले आणि २०२० साली त्याच्या नावातला गोरेपणाचा शब्द काढून टाकण्यात आला. पंचेचाळीस वर्षे लागली. नाव बदलले, ठीकच झाले. पण आजीच्या तोंडातले वाक्य कोण बदलणार? त्या पोरीला "मी काळी" हे नवी मुंबईत प्रथम ऐकू आले असेल, असे मला तरी वाटत नाही. त्याआधी ते कोठे तरी आपल्याच ओटीवर ऐकू आले असावे. आवणीच्या दिवसांत इरले घेऊन चिखलात राबणारी आई सावळीच असणार. मग लेकीने आपला रंग धुवून काढावा असे वाटणे, म्हणजे आईचा रंग धुवून काढणे नव्हे काय?

अकरा वर्षे म्हटली, की मला मुक्ताबाई दिसतात. रूढ गणनेप्रमाणे त्यांचा जन्म शके १२०१ चा, आणि ज्ञानेश्वरी पूर्ण झाली ती शके १२१२ साली. म्हणजे ग्रंथ सिद्ध झाला तेव्हा त्या अकरा वर्षांच्याच होत्या. आईबाप नाहीत, गावाने वाळीत टाकलेले, अंगावर धड वस्त्र नाही. संन्याशाची पोर म्हणून लोकांनी तोंडावर दार लावलेले. लोकांचे बोल लागून ज्ञानोबाराय झोपडीचे दार लावून आत बसले, तेव्हा बाहेर उभी राहून त्यांची समजूत काढणारी ही धाकटी बहीण. जगाच्या निंदेने संताने मन मळवू नये, हे तिने थोरल्या भावाला सांगितले आणि दार उघडविले. आज उलट झाले आहे. अकरा वर्षांची मुलगीच न्हाणीघराचे दार लावून आरशापुढे रडत बसते, आणि बाहेर उभे राहून तिला हाक मारायला घरात कोणी मोकळे नाही. बापाचा ओव्हरटाईम, आईचे शेत, आजीची मालिका.

आणि रूपाचे म्हणाल, तर आमच्या संतमंडळींत रूपवती नव्हत्या असे नाही. मंगळवेढ्याची कान्होपात्रा. गणिकेची लेक. तिचे रूप हेच तिच्या आईचे भांडवल होते. रूप विकावे असे जग तिला सांगत होते. बिदरच्या बादशहाचे बोलावणे आले तेव्हा तिने पंढरीनाथाचे पाय धरले आणि तेथेच देह ठेवला, अशी परंपरा सांगते. तिने रूपाचा तिटकारा केला नाही. रूपाची किंमत दुसऱ्याने ठरवावी हे मानले नाही.

आता महाडकरांशी दोन शब्द. बाहेरच्या शुद्धीचा केवढा अनर्थ होतो, हे जगाला दाखविणारे स्थळ तुमच्याच गावात आहे. महाड नगरपालिकेने १९२४ सालीच चवदार तळे सर्वांना खुले केल्याचा ठराव केला होता. त्या ठरावाला धरून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांच्याबरोबरची मंडळी तळ्यावर गेली आणि पाणी प्यायली. तर शुद्धीचा अभिमान वाहणाऱ्या लोकांनी त्या मंडळींना मारहाण केली, आणि मग तळे बाटले म्हणून दूध, दही, शेण, गोमूत्र यांच्या १०८ घागरी मंत्र म्हणत तळ्यात बुडविल्या! माउलींनी जो कडू भोपळा सांगितला, तो आणखी कोठे शोधावयाचा? तळ्याला लेप दिला आणि मनातला मळ तसाच राहिला. तळ्याच्या पाण्यावरचा हक्क उच्च न्यायालयातून मिळण्यास पुढे १९३७ साल उजाडले.

पण याच महाडात त्याच वर्षाच्या डिसेंबरातील परिषदेत आणखी एक गोष्ट झाली, ती पुरुष मंडळी फारशी सांगत नाहीत. बाबासाहेबांनी जमलेल्या स्त्रियांपुढे त्यांच्या पेहरावाविषयी भाषण केले. गुडघ्यापर्यंतचे आखूड लुगडे आणि अंगभर कथलाचे, चांदीचे दागिने ही तुमच्या जातीची खूण ठरून बसली आहे. ती टाकून द्या, लुगडे इतर स्त्रियांप्रमाणे पायघोळ नेसा, स्वच्छ राहा, मुलींना शिकवा, असा त्यांचा आशय होता. म्हणजे साज, नेसणे, दागिना यांचाच विषय! पण ऐकणारी बाई घरी काय घेऊन गेली? मी कोणाहून उणी नाही, ही गाठ पदराला बांधून गेली. आणि आजच्या त्या समारंभातून पोर घरी काय घेऊन येते? मी उणी आहे, ही. वस्त्र तेच, आरसा तोच, तेलपाणी तेच. एकीची मान वर झाली आणि दुसरीची खाली गेली. कोणताही साज बरा की वाईट हे मी यावरूनच ठरवितो. अमका रंग पापी आणि अमका पुण्यवान, असे काही नाही.

आता कोणी म्हणेल, बुवा, हे सगळे खरे, पण वर्गातल्या सगळ्या मुली करतात. आमच्या एकटीला नाही म्हटले तर ती एकटी पडेल. ही शंका खोटी नाही. लेकरू एकटे पडणे याचे दुःख मोठ्यांना कळत नाही. पण त्याच वर्गात दुसरीही एक मुलगी असते, जिच्या घरी भेटीला पन्नास रुपये निघत नाहीत, आणि जी ताप आल्याचे निमित्त सांगून असल्या वाढदिवसाला जात नाही. तिचाही विचार कोणी करावा. म्हणून त्या माउलीला मी सांगितले ते असे. वाढदिवस कर, जरूर कर. मुलींना बोलाव. नटायचे असेल तर नटू दे. मेंदी काढ, गजरे ओवायला बसव, एकमेकींच्या वेण्या घालू देत. मेंदी मात्र पाल्याची, काळ्या रंगाची विकतची नको. तिच्यात केसांचा रंग घालतात आणि त्याने हात भाजतात. सोलणारे, उजळविणारे काही नको. दही-मध आणलाच, तर तो पोटात जाऊ दे. काकडीची कोशिंबीर कर. आणि तिच्या आजीला आधी बाजूला घेऊन सांग, की रंगावरून एक शब्दही काढायचा नाही. हे शेवटचे सर्वांत अवघड आहे, असे ती माउली हसून म्हणाली. तिचे म्हणणे बरोबर होते.

गालांचे काय, हेही तिने विचारले. त्याला बुवा नको, डॉक्टर हवा. तोवर सगळ्या बाटल्या बंद, तोंडाला साधे पाणी, सौम्य साबण, कातडी ओढत असेल तर साधे बिनवासाचे मलम, आणि शेतावर जाताना डोक्यावर टोपी किंवा पदर. घरात जी डबी असेल ती उलटी करून पाहावी. करणाऱ्याचे नाव-पत्ता, परवाना क्रमांक, कोणत्या घाण्याची ते, आणि केव्हापर्यंत वापरावी ते तीवर छापलेले नसेल, तर ती दुकानदाराने कितीही आयुर्वेदिक म्हणून दिली असली तरी वापरू नये. टाकण्यापूर्वी मात्र डॉक्टरांना दाखवावी. असले उजळविणारे मलम लावणाऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर, पायांवर सूज येऊ लागली किंवा लघवीला फेस येऊ लागला, तर अंगारे-धुपारे करीत घरी बसू नये. त्याच दिवशी डबीसकट रुग्णालय गाठावे.

॥ रामकृष्णहरि ॥